उम्म अल कुवैनचा राखणदार

त्या ताटावर कुणाचा तरी जीव टांगलेला होता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण सांगता सांगता मी रंगात येते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. स्वभावच आहे तो. सात महिने दर शनिवारी मी एका झाडाखाली ताट वाढून ठेवत होते आणि पुढच्या शनिवारी ते रिकामं बघून खूश होत होते. खूश होण्याचं कारण मात्र साफ चुकलेलं होतं.

आम्ही दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहतो, नवव्या मजल्यावर. बाल्कनी एवढी की एक खुर्ची ठेवली तर बसता येतं, दोन ठेवल्या तर दार लागत नाही. तिथे मी अठरा वर्षांत चार वेळा कढीपत्ता लावला आणि चारही वेळा घालवला. इथे आपलं म्हणावं असं काही नसतंच. घर भाड्याचं, गाडी लोनची, व्हिसा नवऱ्याच्या कंपनीचा. म्हणून नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की उम्म अल कुवैनला आतल्या बाजूला एका अरबाने आपल्या खजुराच्या जुन्या फार्मचे तुकडे करून शहरातल्या लोकांना भाड्याने द्यायला काढलेत, तेव्हा मी त्याला विचार करायलासुद्धा वेळ दिला नाही. ऑक्टोबरच्या पहिल्याच शनिवारी आम्ही जाऊन प्लॉट घेतला.

वीसेक प्लॉट होते. प्रत्येकात एक पोर्टा केबिन, एक नळ, ठिबकच्या काळ्या नळ्या, वर हिरवी जाळी. आमच्यापासून दोन प्लॉट सोडून एक रशियन बाई होती. ती सांगायची, त्यांच्याकडे शहरातल्या प्रत्येकाची अशी जागा असते आणि उन्हाळा आला की माणसं तिकडे पळतात. इथे सगळं उलटं. ऑक्टोबरपासून जून लागेपर्यंत फार्म उघडा आणि उन्हाळा आला की खलास, गेटला कुलूप. पण बाकी तेच. आठवडाभर लिफ्ट, पार्किंग आणि एसी यांत काढायचा आणि शनिवारी दुपारी गाडीत फावडं टाकून पळायचं. मी त्या जागेला वाडी म्हणायचे. नवरा साताऱ्याचा, तो म्हणायचा, वाडी काय, मळा म्हण. पंधरा वर्षांची लेक दोघांनाही धूप न घालता ‘द फार्म’ म्हणायची.

आमचा प्लॉट शेवटून दुसरा. शेवटचा, कोपऱ्यातला, कुणी घेतलाच नव्हता. तिथली नळी फुटकी होती आणि केबिनला एसीच्या जागी नुसतं भोक होतं. त्या भोकाला आतून पुठ्ठा लावलेला होता. त्याच्या पलीकडे तारेचं कुंपण आणि मग वाळू. दोन्ही प्लॉटच्या मध्ये एक जुनं घाफचं झाड होतं. घाफ म्हणजे आपली शमीच. ते मला पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं होतं.

नोव्हेंबरपर्यंत माझ्याकडे काही म्हणजे काही उगवलं नाही. रशियन बाईचे मुळे मनगटाएवढे, पलीकडच्या केरळी नर्सकडे दोडके लोंबताहेत आणि माझा लाल माठ करंगळीएवढा होऊन मान टाकतोय. तळपायाची आग मस्तकात जायची. त्यातच एका शनिवारी भेंडीच्या ओल्या वाफ्यात अनवाणी पावलं दिसली. वाफ्याच्या कडेकडेने, एकही रोप न तुडवता कुणीतरी चालत गेलं होतं. डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला. फार्मचा चौकीदार एक म्हातारा पठाण होता, मेंदी लावलेल्या दाढीचा. तो बारा महिने बूट घालायचा. बाकी मंडळी मऊ टाचांची आणि सँडल्समधली. मी ती पावलं मोजत कोपऱ्यापर्यंत गेले तर पुढे कडक जमीन होती आणि पावलं संपली होती.

तेव्हापासून मला पाठीला जाणवायला लागलं. वाकून तण काढत असले की मानेवर कुणाची तरी नजर. वळून बघावं तर काही नाही. रिकामी केबिन, तो पुठ्ठा, घाफची बारीक पानं. वारा पडलेला असायचा. लांबच्या हायटेन्शन तारांची घुमघुम तेवढी यायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुम्हा कोकणातल्या लोकांना भुतं सोबत असल्याशिवाय करमत नाही. लेकीने हेडफोनसुद्धा काढले नाहीत.

मग मी आईला फोन लावला. आई गावी असते, कुडाळच्या बाजूला. तिने माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “जाग्याक राखण दिलंस काय? नाय मां? मगे कसा काय पिकताला?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. तो दिसत नाही, पण असतो. जमीन कागदावर कुणाचीही असो, मालकी त्याची. त्याला वर्षातून एकदा तरी ताट वाढायचं, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे तो जागा राखतो, माणसं राखतो. ते ताट म्हणजे राखण. गाऱ्हाणं एक माणूस म्हणतो आणि त्याचं एकेक मागणं संपलं की जमलेले सगळे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हे काम पुरुषांचं. पण सातारकराला गाऱ्हाणं घालायला सांगितलं असतं तर त्याने राखणदाराला पीपीटी दाखवली असती.

तेव्हा मीच केलं. पुढच्या शनिवारी भात, डाळ, पाच वडे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि खोबऱ्याची कवड असं स्टीलच्या ताटात वाढून, ऊन उतरल्यावर घाफच्या बुंध्याशी एका दगडावर ठेवलं. लहानपणी ऐकलेलं जेवढं आठवलं तेवढं म्हटलं. “बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, तुझ्या लेकरान आज जा काय ठेवलेला आसा ता मानून घे. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे. आमची राखण कर रे म्हाराजा.” व्हय म्हणायला कुणी नव्हतं, तेव्हा तेही मीच म्हटलं. जरा हसूही आलं. मग मागे न बघता गाडीत येऊन बसले, कारण ताट ठेवल्यावर मागे बघायचं नसतं.

पुढच्या शनिवारी ताट त्याच दगडावर होतं. घासलेलं आणि पालथं घातलेलं. वाळूने घासल्याचे गोल गोल ओरखडे होते त्यावर, आमच्याकडे पूर्वी राखेने घासायचे तसे. कुत्रा, कोल्हा, कावळा काहीही खाऊन जाईल. घासून पालथं कोण घालतं? माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तिथल्या तिथे कान धरले आणि मग, खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. अठरा वर्षांत या देशात मला पहिल्यांदा कुणीतरी आपलं म्हटलं होतं.

त्यानंतर वाडी अशी फुटली की विचारू नका. दर शनिवारी जावं तो काहीतरी झालेलं असायचं. तण उपटून एका बाजूला ढीग. वाफ्याची ढासळलेली कड नीट केलेली. ठिबकची नळी गळत होती, ती चिंधीने इतकी घट्ट बांधलेली की थेंब बाहेर येईना. नवरा म्हणाला, तुझा राखणदार प्लंबिंग पण करतो वाटतं. त्याला वाटायचं, पठाण करतोय आणि बक्षिशीची वाट बघतोय. लेक म्हणाली, “गॉड्स डोन्ट वॉश डिशेस, मॉम.” मी तिला अशी फाडून खाल्ली की पुढचे दोन शनिवार ती आलीच नाही.

पठाणाला मी विचारलं होतं, तेही सांगते. मी ताट ठेवत होते, तो पाइप गुंडाळत होता. मी हात जोडून, अगदी हळू आवाजात म्हटलं, भाईसाब, यहाँ कोई है ना? त्याने माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे. म्हणाला, “है, मैडम. किसी को तकलीफ़ नहीं देता.” माझा जीव भांड्यात पडला. पठाण असून त्यालाही जाणवलं म्हणजे जागा खरीच जागती आहे, असं मी मनात म्हटलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली. इतकं छान समजून घेतलं आम्ही एकमेकांना.

डिसेंबरमध्ये थंडी पडली तेव्हा मी वहाणा नेल्या. आमच्या बाजूला देवाला वहाणा वाहतात. देव रात्रभर गावाच्या शिवेवरून फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. लहानपणी मी अशा झिजलेल्या टाचा डोळ्यांनी बघितल्या आहेत, बोट लावून बघितल्या आहेत. शारजातून चामड्याच्या, मोठ्यात मोठ्या मापाच्या वहाणा घेतल्या आणि ताटाशेजारी ठेवल्या. सोबत दोन सिगारेटी, कारण राखणदाराला विडी लागते. पुढच्या आठवड्यात सिगारेटी ताटाच्या काठाशी होत्या तशा, दवाने मऊ झालेल्या. वहाणा नव्हत्या. तीन आठवड्यांनी मिरचीच्या वाफ्याशेजारी वहाणांचे ठसे दिसले आणि डाव्या ठशातली टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली दिसत होती. मी फोटो काढून आईला पाठवला. आईने तो गावातल्या अख्ख्या वाडीला दाखवला.

आणि मग जानेवारीतला तो शनिवार. धुकं उतरत होतं. नवरा आणि लेक गाडीत सामान भरत होते. मी ताट ठेवलं, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं. आता ते चांगलं तोंडात बसलं होतं. त्या आठवड्यात नवऱ्याच्या ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज होती, म्हणून मी तेही घातलं. म्हटलं, घोवाची नोकरी सांभाळ रे म्हाराजा.

“व्हय म्हाराजा.”

पुरुषाचा आवाज. खोल नाही, मोठा नाही. घसा बसलेल्या माणसाचा असतो तसा, घाफच्या पलीकडून. मी डोळे उघडले नाहीत. उघडायची हिंमतच झाली नाही.  त्या वाळूत, जिथे आजूबाजूच्या पन्नास मैलांत कुणाला ते दोन शब्द माहीत असायचं कारण नाही, तिथे ते शब्द अगदी आमच्याकडच्या हेलात उमटले होते. ‘म्हाराजा’तला ‘रा’ लांबवून. मी तशीच पाठमोरी झाले आणि गाडीत येऊन बसले. सिलिकॉन ओएसिसला पोहोचेपर्यंत ते दोन शब्द मनात घोळवत राहिले. नवऱ्याला वाटलं मी रागावले आहे. नोकरी राहिली. त्याच्या टीममधले तिघे गेले, हा राहिला.

सांगायला लाज वाटते, पण त्यानंतर मला त्या आवाजाची चटक लागली. भीती वाटायची आणि तोच हवा असायचा. दर शनिवारी मी मागणी वाढवत गेले. लेकीचं गणित, माझी कंबर, गावच्या जमिनीची मोजणी. प्रत्येक मागणीला पलीकडून ‘व्हय’ यायचं. मी कधी त्या बाजूला गेले नाही. राखणदाराला बघू नये, असं असतं. आणि विचारू तर मुळीच नये.

रमजान त्या वर्षी थंडीच्या शेवटी आला. पहिल्या शनिवारी ताट ठेवून मी नळावर हात धुवायला गेले. तेवढ्यात लांबच्या मशिदीतून मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली. हात धुऊन, फावडं धुऊन परत येईपर्यंत पंधरा मिनिटं झाली असतील. ताट रिकामं होतं. घासलेलं नव्हतं अजून, बोटांनी पुसून घेतलेलं होतं, काठाला डाळीचा ओघळ ओला होता. एरवी आठवडाभराने दिसणारी गोष्ट डोळ्यांसमोर घडल्यासारखी झाली. मी दोन पावलं मागे सरकले. चारही शनिवार तसंच झालं, अजान संपते न संपते तोच. मी नवऱ्याला म्हटलं, देव प्रसन्न झाला की असा लगेच घेतो.  तो कोपऱ्यातल्या केबिनच्या पुठ्ठ्याकडे जरा वेळ बघत राहिला आणि यल्ला, निघू या, म्हणाला.

मे महिन्यात पठाण सुट्टीवर पेशावरला गेला. त्याच्या जागी एक माणूस एक दिवसाआड येऊन पंप चालू करायचा आणि निघून जायचा. रशियन बाई गेली, केरळी नर्स गेली. माणसं कमी झाली तशी जागा जास्तच गप्प झाली. दुपारी तीन वाजता गाडीतून उतरलं की ऊन तोंडावर भाकरीच्या तव्यासारखं लागायचं. सगळ्यांचं वाळलं, माझा एक वेल तेवढा तग धरून होता आणि त्याला एकच भोपळा होता. मी तो पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. दर शनिवारी त्याच्याखाली नवा पुठ्ठा सरकवायचे. एका शनिवारी बघते तर देठ कापलेला आणि भोपळा गायब.

माझं डोकंच फिरलं. ताट ठेवलं ते आपटूनच ठेवलं. कंबरेवर हात ठेवून म्हटलं, “राखण घेतंस आणि तुझ्या नाकाखालसून चोरी व्हता? मगे तुझो उपेग काय?” व्हय आलं नाही. येणार तरी कसं, मी प्रश्न विचारला होता. आणि रागाच्या भरात मी त्या दिवशी वड्यांचा डबा ताटात उलटा न करता तसाच घरी परत आणला. शिक्षा म्हणून.

पुढच्या शनिवारी भोपळा दगडावर होता. पालथ्या ताटाच्या शेजारी, पुसून ठेवलेला. एका बाजूने चिरायला सुरुवात केलेली, बोटभर, आणि तिथेच सोडून दिलेलं. चीर वाळून तपकिरी झाली होती. मी तो उचलून छातीशी धरला आणि जिंकल्यासारखी गाडीकडे नाचत गेले. घरी आणून त्याचं भरीत केलं, घारगे केले, शेजारी वाटले. सगळ्यांना सांगितलं, देवाला दम दिला तर देवसुद्धा ऐकतो.

जूनच्या पहिल्या शनिवारी आमचा शेवटचा दिवस होता. फार्म बंद होणार, टाकी रिकामी करणार, ऑक्टोबरपर्यंत गेटला कुलूप. मी नेहमीपेक्षा जास्त वाढलं. शेवटचं म्हणून गोड शिरा केला होता. ऊन उतरलं तरी जमीन तळव्यांना भाजत होती. हात जोडून म्हटलं, “आता चार म्हयने आमी येवचे नाय. तुझो जागो तू सांभाळ रे म्हाराजा.”

मी थांबले. पलीकडून काही आलं नाही. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. काही नाही. तारा घुमत होत्या. एक पान हललं नाही. मला अपमान झाल्यासारखं वाटलं, खरंच सांगते. सात महिने करतेय आणि निरोपाला एक व्हय नाही? मी तरातरा चालत गाडीत जाऊन बसले आणि दार धाडकन लावलं. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर म्हटलं, तुझ्या मळ्याचा देव रुसलाय.

एमिरेट्स रोडला लागलो. मी बडबडत होते. देव असा कसा, आपण काय कमी केलं, शिरासुद्धा तुपातला होता. मागे लेक बसली होती. तिने हेडफोन काढले. ही मुलगी घरात, बाहेर, आजीशी फोनवर, सगळीकडे इंग्रजीत उत्तर देते. त्या दिवशी ती मराठीत बोलली.

“आई, मग तो चार महिने काय खाणार?”

मी म्हणणार होते, देव खात नसतो गं. देवाला नैवेद्य दाखवतात, तो मानून घेतो, स्वीकारतो. खाणं माणसाचं. हे मी तिला पन्नास वेळा शिकवलं होतं, खाणं म्हणायचं नाही म्हणून. पण तोंड उघडलं आणि ते येईना. अजान संपताच बोटांनी पुसलेलं ताट डोळ्यांपुढे आलं. तो काठावरचा डाळीचा ओला ओघळ. बोटभर चिरून सोडलेला भोपळा.  मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने काही न विचारता पुढच्या एक्झिटला गाडी वळवली. मला वाटतं, त्याला रमजानपासूनच कळलं होतं आणि माझा आनंद मोडायचा नव्हता. कळूनही तिथे जाऊन बघितलं का नाही, यावर तो अजून बोलत नाही.

ताटाला हात लागलेला नव्हता. शिऱ्यावर मुंग्या आल्या होत्या. कोपऱ्यातल्या केबिनचं दार आतून तारेने अडकवलेलं होतं. नवऱ्याने खांदा लावून ते उघडलं. आतून भट्टीची वाफ आली. पुठ्ठ्यावर एक माणूस कुशीवर झोपला होता. साठीला टेकलेला, पांढरी दाढी, हाडांवर शर्ट. पायांत माझ्या वहाणा. अंग तापाने फणफणलेलं, ओठ फुटलेले. लेकीने तिच्या बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात थेंब थेंब सोडलं. मी दारातच उभी होते. मला आत जाता येईना. त्याने डोळे उघडून मला बघितलं आणि दोन्ही हात जोडायचा प्रयत्न केला.

“बाय, देवाचा ताट खाल्लंय मी. माका माफी करा.”

आम्ही त्याला उचलून गाडीत घातलं. वजन नव्हतंच. पेट्रोल पंपावर थांबून लबन, म्हणजे इथलं ताक, घेतलं, त्याने दोन घोट घेतले. हॉस्पिटलच्या वाटेवर एसीत त्याला जरा हुशारी आली. नवऱ्याने हळूहळू विचारलं. तो विजयदुर्गाच्या पलीकडच्या एका गावचा, मुसलमान मोहल्ल्यातला. इथे बोटींच्या एका छोट्या वर्कशॉपात कामाला होता. मालक एक दिवस शटर ओढून नाहीसा झाला, पासपोर्ट त्याच्याकडे. व्हिसा संपला, दंड चढायला लागला, धरतील म्हणून हा आत आत सरकत इथपर्यंत आला. पठाणाने बघितलं आणि राहू दिलं, आपल्या रोटीतली अर्धी द्यायचा. पठाण गेल्यावर माझं ताट आणि पंपवाला येईल तेव्हाचं पाणी. लहानपणी गावच्या गाऱ्हाण्याला तो शेजाऱ्यांबरोबर उभा राहायचा, सगळीच पोरं राहायची. ‘व्हय’ कुठे म्हणायचं, ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

माझ्या शरमेचा राग झाला. माझं असंच होतं. मी मागे वळून त्याच्यावरच उखडले. म्हटलं, “तुमी सात म्हयने गप रवलास. व्हय म्हाराजा म्हणूक तोंड होता, एक हाक मारूक नाय होता?”

तो रागावला नाही. डोकं खिडकीला टेकलेलं होतं, ते तसंच ठेवून म्हणाला, “हाक मारलंय, बाय. पयल्याच दिसा. गेटार तुमची गाडी होती. तुमी आवशीकडे फोनार बोलत होतास. आपली भाषा आयकली म्हणान धावत इलंय. काचेर हात मारून म्हटलंय, बाय, दोन दिस पोटात काय नाय. तुमी काच वर केलास.” मग जरा थांबून, समजूत घातल्यासारखं, “मगे बघलंय, देवाक तुमी वाढतास. म्हणान राखणदार झालंय.”

 हॉस्पिटल आलं.

तो वाचला. अकरा दिवस होता तिथे. नंतर कॉन्सुलेटच्या खेपा झाल्या, कागद झाले आणि ऑगस्टमध्ये तो घरी गेला. ऑक्टोबरमध्ये मी फार्मवर चावी परत द्यायला गेले तेव्हा पठाण भेटला. मी त्याच्यावरही चढले, मला सांगितलं का नाही म्हणून. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, “मैडम, मैं समझा आपको मालूम है. खाना तो आप ही रखती थीं.”

तो पहिला दिवस मला लख्ख आठवतो. शनिवार, दुपारचे पावणेचार. आई फोनवर मावशीच्या नातीच्या साखरपुड्याचं सांगत होती, जेवणात काय होतं तेसुद्धा. मांडीवर बियांची पाकिटं होती, भेंडी, गवार, लाल माठ, आणि गवारीचं पाकीट कोपऱ्यात फाटलं होतं. एसी बावीसवर होता. नवरा गेट उघडायला उतरला होता आणि त्याच्या शर्टाला पाठीवर घाम आला होता. अर्धी खाली असलेली काच वर करायचं बटण दाबल्याचंही आठवतं, गरम हवा आत येत होती म्हणून. मी किती रात्री डोळे मिटून त्या काचेबाहेर बघितलं आहे. तिथे कोणीच उभं नसतं.